घराची कळ कोणाच्या हाती?

गेल्या रमजानमध्ये अम्मी सहरीसाठी उठली आणि अंधारात दिव्याचं बटण चाचपडताना पडली. हाड मोडलं नाही, अल्लाहचा शुक्र. पण मनगट सुजलं आणि तिच्यापेक्षा आम्हीच जास्त घाबरलो. त्याच दिवशी दुबईहून भाईजानचा फोन आला. "आता बास. मी सगळं घर स्मार्ट करून टाकतो. दिवे आपोआप लागतील, गिझर आपोआप बंद होईल. दारावर कॅमेरा, अम्मीच्या खोलीत कॅमेरा. मी इथे बसून सगळं बघत राहीन."

फोन स्पीकरवर होता. अम्मी शांतपणे म्हणाली, "मग बेटा, मी माझ्या खोलीत दुपट्टा कधी काढायचा?"

भाईजान गप्प झाला, पण विषय संपला नाही. अम्मी दिवसभर घरात एकटी असते आणि मी शाळेत. काहीतरी सोय करायलाच हवी होती, आणि कोणती प्रणाली घ्यायची हे ठरवायचं काम माझ्याकडे आलं. मी भाषा शिकवणारी बाई, वायरमन नाही. दुकानदार झिग्बी, झेड-वेव्ह, मॅटर असे शब्द सांगू लागला तेव्हा मला त्यातलं काही कळेना. काही कळेनासं झालं की मी इतिहासाकडे जाते. पुढचे दोन महिने मी 'आपोआप' या शब्दाचा इतिहास वाचत होते. त्यातून मला दिव्यांची निवड करता आली, म्हणून तो इथे मांडते आहे.

बगदादचे तीन भाऊ

आपल्याला वाटतं की स्वतःहून चालणारं घर ही मोबाइलनंतरची गोष्ट आहे. नवव्या शतकात बगदादमध्ये मुहम्मद, अहमद आणि हसन असे तीन भाऊ होते. वडिलांच्या नावावरून त्यांना बनू मूसा म्हणतात. खलीफा मामूनच्या आश्रयाने ते वाढले, बैतुल हिकमतमध्ये त्यांनी काम केलं, ग्रीक ग्रंथ मिळवले, त्यांचे अरबी अनुवाद करवून घेतले. इ.स. ८५० च्या सुमाराचं त्यांचं 'किताबुल हियल' म्हणजे युक्त्यांचं पुस्तक. त्यात सुमारे शंभर उपकरणं आहेत. बरीचशी मेजवानीत पाहुण्यांना चकित करणारी भांडी आहेत, पण काही थेट घरातल्या कामाची आहेत. तेल कमी झालं की स्वतः भरून घेणारा दिवा आहे. वात जळत जाईल तशी ती पुढे सरकवणारा दिवा आहे. वारा आला की आडोसा फिरवून ज्योत वाचवणाराही आहे.

यातली मूळ युक्ती आपल्या प्रत्येकाच्या घरात आहे. गच्चीवरच्या टाकीत पाण्यावर तरंगणारा चेंडू असतो. पाणी वर आलं की चेंडू उचलला जातो आणि नळ बंद होतो, पाणी उतरलं की नळ उघडतो. म्हणजे पाणीच पाण्याला आवरतं. तरंगत्या वस्तूवर आणि झडपेवर चालणाऱ्या अशा रचना बनू मूसांनी फार नाजूकपणे वापरल्या.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. आपल्या समाजाच्या व्हॉट्सॲप गटांवर "हे सगळं मुसलमानांनीच शोधलं" असे संदेश फिरतात. तसं नाही. बनू मूसांच्या आधी अलेक्झांड्रियाचा हेरॉन होता, त्याच्याही आधी बायझन्टियमचा फायलो. या भावांनी त्यांचं वाचलं आणि पुढे नेलं. इल्म असाच हातोहात जातो. आपल्या पूर्वजांचा मोठेपणा शिकण्यात होता, तो सांगायला दुसऱ्याचं नाव पुसावं लागत नाही.

वजूचं पाणी

त्यानंतर साडेतीनशे वर्षांनी दजला आणि फुरात नद्यांमधल्या प्रदेशात, आज तुर्कस्तानात असलेल्या दियारबकरमध्ये, अल-जझरी नावाचा कारागीर अर्तुकी राजांच्या पदरी होता. पंचवीस वर्षं त्याने तिथे चाकरी केली. १२०६ मध्ये राजा नासिरुद्दीन महमूदच्या सांगण्यावरून त्याने आपल्या पन्नास यंत्रांचं पुस्तक पूर्ण केलं.

त्यातल्या एका यंत्रामागचं कारण वाचून मला अम्मीच आठवली. राजाला वजू करताना नोकराने किंवा दासीने हातावर पाणी ओतलेलं आवडत नसे. म्हणून त्याने जझरीला स्वतःहून पाणी ओतणारं काहीतरी बनवायला सांगितलं. जझरीने पाणी ओतणारी बाहुली केली. दुसऱ्या एका यंत्रात मोराच्या तोंडून पाणी येतं. वापरलेलं पाणी खालच्या पात्रात साठत जातं, त्यातला तरंगा वर येतो, मग एक बाहुली साबणाची पूड घेऊन पुढे येते आणि थोड्या वेळाने दुसरी रुमाल घेऊन.

आपण समजतो की यंत्र हवं असतं ते आळसासाठी. इथे कारण वेगळं होतं. इबादतीच्या तयारीत दुसऱ्या माणसाची नजर आणि हात नको, एवढं एकांत त्या राजाला हवं होतं. अम्मीलाही दिवा हवा आहे, पाळत नको. आठशे वर्षांपूर्वीच्या राजाची आणि कोंढव्यातल्या म्हातारीची गरज एकच निघाली.

जझरीचं प्रसिद्ध हत्तीचं घड्याळही आपल्या ओळखीचं आहे. हत्तीच्या पोटात पाण्याची टाकी आणि तिच्यात तळाला बारीक भोक असलेलं भांडं. भांडं हळूहळू भरतं, अर्ध्या तासाने बुडतं आणि बुडताना वरची सगळी यंत्रणा हलवतं. आपल्याकडचं घटिकापात्र हेच करत असे. लग्नाचा मुहूर्त पाहायला पाण्यात सोडलेली वाटी चोवीस मिनिटांत बुडाली की एक घटका झाली. मराठीत आपण "घटका भरली" म्हणतो ते त्या वाटीवरूनच.

आणि जझरीची मला सर्वांत आवडलेली गोष्ट: त्याने गुपित ठेवलं नाही. कोणता भाग कसा करायचा, किती मापाचा, कशाला जोडायचा, हे त्याने आकृत्यांसह लिहिलं. पुस्तक हाती घेणाऱ्या दुसऱ्या कारागिराला यंत्र बनवता यावं, बिघडलं तर दुरुस्त करता यावं, हा हेतू स्पष्ट दिसतो. डोनाल्ड हिल या इंग्रज अभियंत्याने १९७४ मध्ये त्याचा इंग्रजी अनुवाद प्रसिद्ध केला, आणि त्या वर्णनांवरून आजच्या काळातही लोकांनी ती यंत्रं उभी केली आहेत. सात-आठशे वर्षांनंतरही चालू करता येतं, कारण कृती उघडी ठेवली होती.

पाणचक्की

आता आपल्या दख्खनेत येऊ. इथियोपियात जन्मलेला, गुलाम म्हणून विकला गेलेला मलिक अंबर निजामशाहीचा कर्ताधर्ता झाला. १६१० च्या सुमारास त्याने खडकी हे शहर वसवलं, म्हणजे पुढचं औरंगाबाद, आजचं छत्रपती संभाजीनगर. शहराला पाणी हवं होतं. त्याने जमिनीखालून नहर आणली. उंचावरच्या भूजलाला उताराची वाट करून दिली की ते स्वतःच शहरात येतं. मोट नको, बैल नको. नहर-ए-अंबरीच्या वाटेत ठिकठिकाणी उभे मनोरे ठेवलेले होते. त्यातून कोंडलेली हवा बाहेर पडे आणि पाण्याचा जोर सांभाळला जाई.

त्याच शहरात सतराव्या शतकाच्या अखेरीस पाणचक्की उभी राहिली. बाबा शाह मुसाफिर या नक्शबंदी सूफींच्या तकियाजवळ. कित्येक किलोमीटरवरच्या झऱ्याचं पाणी मातीच्या नळांतून येतं, भिंतीतून वर चढतं आणि हौदात धबधब्यासारखं पडतं. त्या पाण्याच्या जोराने पात्यांचं चक्र आणि त्यावरचं जातं फिरे. दळलेलं पीठ फकिरांच्या, मुसाफिरांच्या आणि तिथे शिकणाऱ्या मुलांच्या भाकरीसाठी वापरलं जाई.

मी शाळेची सहल घेऊन तिथे गेले तेव्हा एका मुलीने विचारलं, "टीचर, बटण कुठे आहे?" मुलं हसली. पण प्रश्न बरोबर होता. पाणचक्कीला बटण नसलं तरी तिची कळ कोणाच्या तरी हाती होतीच. नळ साफ करणारे होते, गाळ काढणारे होते, जातं टाकून घेणारे होते. आणि ती वक्फ होती, म्हणजे कोणा एकाच्या मालकीची नसलेली, सगळ्यांसाठी राखलेली अमानत. राज्य वक्फ मंडळाचं मुख्यालयही पाणचक्कीच्याच आवारात आहे. मलिक अंबरच्या नहरींचं काय झालं? काही भाग गाळाने बुजले, काहींवर बांधकामं झाली. उताराने वाहणारं पाणी त्याचं काम करतच होतं. माणसांनी आपलं काम सोडलं. आपोआप चालणाऱ्या वस्तूलाही राखणदार लागतो, हा धडा मी तिथे शिकले.

कात्रजचं पाणी, पुण्याचे हौद

पुण्याचीही अशीच गोष्ट आहे. १७५० च्या सुमारास बाळाजी बाजीराव उर्फ नानासाहेब पेशव्यांनी कात्रजला तलाव बांधून तिथलं पाणी जमिनीखालच्या दगडी नळाने शहरात आणलं. अंतर सुमारे आठ किलोमीटर. माणूस आत उतरून चालू शकेल एवढा नळ, आणि मधूनमधून वर उघडणारे झरोके. त्यांना उच्छ्वास म्हणत. नळाला श्वास घेता यावा आणि साफ करणाऱ्याला आत जाता यावं म्हणून. पाणी शनिवारवाड्यात गेलं, तसं पेठांमधल्या हौदांतही आलं. काळा हौद, बदामी हौद, फडके हौद ही नावं पुणेकरांच्या तोंडी अजून आहेत, जरी पाणी कधीच आटलं असलं तरी.

पाणी आपोआप आलं, पण ते सगळ्यांना आपोआप मिळालं का? नाही. हौदावर कोणी घागर बुडवायची आणि कोणी लांब उभं राहून वाट बघायची, हे जात ठरवत होती. नळ बांधणाऱ्याने उतार अचूक काढला, पण समाजाच्या उताराचं काय? ते उत्तर १८६८ मध्ये जोतिराव फुल्यांनी दिलं. गंज पेठेतल्या आपल्या घराचा हौद त्यांनी अस्पृश्य मानलेल्यांसाठी खुला केला. हे तेच जोतिराव आणि सावित्रीबाई, ज्यांना घर सोडावं लागलं तेव्हा उस्मान शेख यांनी आपल्या घरात जागा दिली होती. कोणतीही सोय बघताना माझ्या मनात म्हणून दोन प्रश्न येतात. ती चालते का? आणि तिच्यावर हात कोणाचा आहे?

तिसरा प्रश्न १२ जुलै १९६१ ने शिकवला. पानशेतचं अपुरं धरण फुटलं, त्या लोंढ्याने १८७९ पासून उभं असलेलं खडकवासल्याचं धरण फुटलं आणि पुणं बुडालं. पूर ओसरल्यावर नळ कोरडे पडले, कारण शहराचं पाणी आता एकाच जागेवर अवलंबून होतं. तेव्हा जुन्या वाड्यांतले आड, विहिरी आणि हौद पुन्हा लोकांच्या कामाला आले. नवी सोय आली म्हणून जुनी बुजवून टाकायची नसते. मधलं केंद्र बंद पडलं तर घर कसं चालणार, हा तो तिसरा प्रश्न.

विजेचं घर आणि दूरची कळ

आता यंत्रांचा अलीकडचा काळ. १९६६ मध्ये अमेरिकेतल्या पिट्सबर्गमध्ये जिम सदरलँड या अभियंत्याने आपल्या घरात एको-४ नावाचा संगणक बसवला. तो घरातलं तापमान आणि घड्याळं सांभाळे, सामानाची यादी ठेवे. तो बाजारात कधी आला नाही. १९७५ मध्ये स्कॉटलंडमधल्या पिको इलेक्ट्रॉनिक्सने एक्स-१० ही पद्धत काढली. त्यात नवी तार ओढावी लागत नसे, घरातल्या विजेच्या तारांमधूनच दिव्याला निरोप जाई. निरोप कधी पोचे, कधी हरवे, पण सगळा व्यवहार घरातल्या घरात होता.

पुढे तीन मार्ग झाले. पहिला, भिंतीतून स्वतंत्र तार नेण्याचा. युरोपात त्यातून केएनएक्स हे मानक आलं. ते मजबूत आहे, पण घर बांधतानाच करावं लागतं आणि महाग पडतं. दुसरा, छोट्या रेडिओचा. झिग्बी आणि झेड-वेव्ह या मार्गातले. त्यांचा एक डबा घरात ठेवायचा, दिवे आणि सेन्सर त्याच्याशी बोलतात. तिसरा, थेट वायफायचा. बल्ब स्वस्त, डबा नको. पण यातले बरेचसे दिवे तुमचा हुकूम आधी कंपनीच्या दूरच्या संगणकाला पाठवतात आणि तिथून तो परत तुमच्या छताला येतो. माझ्या बिछान्यापासून दिवा चार हात लांब, आणि हुकूम जातो समुद्रापार.

समुद्रापारची कळ बंद झाली तर काय होतं, याची दोन उदाहरणं जगाने पाहिली आहेत. रिव्हॉल्व्ह नावाचा सुमारे ३०० डॉलरचा डबा अमेरिकेत आयुष्यभराच्या सेवेच्या वचनावर विकला जात होता. २०१४ मध्ये गूगलच्या नेस्टने ती कंपनी घेतली आणि मे २०१६ मध्ये सेवाच बंद केली. डबे शाबूत होते, पण निकामी झाले. एप्रिल २०२२ मध्ये इन्स्टिऑन या जुन्या कंपनीचे संगणक एके दिवशी अचानक गप्प झाले. जूनमध्ये तिच्याच काही ग्राहकांनी मिळून तो व्यवसाय विकत घेतला तेव्हा सेवा पुन्हा सुरू झाली. मला त्या ग्राहकांचं कौतुक वाटतं. त्यांनी आपल्या नहरीचा गाळ स्वतः काढला.

आमचा अनुभव त्या मानाने किरकोळ. दोन वर्षांपूर्वी आणलेला एक स्वस्त वायफाय बल्ब होता. एका रात्री दोन वाजता गेलेली वीज परत आली आणि तो लख्ख पेटला. वीज आली की पूर्ण उजेडाने लागायचं, हे त्याच्यात आधीच ठरवलेलं होतं. ते बदलायला ॲप उघडलं, तर माझ्या नव्या फोनवर ते चालेना. अम्मी झोपेतून उठून म्हणाली, "फज्र झाली का?" शेवटी बल्ब काढून ठेवला.

आम्ही काय निवडलं

भाईजान सुट्टीला आला तो पिशवीभर झेड-वेव्हचे सेन्सर घेऊन. ते आमच्याकडे चालणार नव्हते. झेड-वेव्हला देशागणिक वेगळी रेडिओ वारंवारता ठरलेली आहे. तिकडची उपकरणं ८६८ मेगाहर्ट्झच्या आसपास बोलतात, आपल्याकडे त्यासाठी ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झचा पट्टा आहे. झिग्बी २.४ गिगाहर्ट्झवर सगळीकडे सारखं चालतं. परदेशातून आपुलकीने वस्तू पाठवणाऱ्या सगळ्या भावांसाठी ही माहिती मुद्दाम देते आहे.

मग मी वहीत इतिहासाने शिकवलेले प्रश्न लिहिले आणि दुकानात गेले. इंटरनेट बंद असताना हे चालेल का? भिंतीवरचं बटण दाबून दिवा लागेल का? वीज जाऊन आली तर काय होईल? बिघडलं तर कोंढव्यातला वायरमन हे उघडू शकेल का? दुसऱ्या कंपनीची वस्तू याला जोडता येईल का? आवाज आणि चित्रं कुठे साठतात? दुकानदार आधी वैतागला, मग म्हणाला, "बाई, हे कोणी विचारत नाही."

वायरमनने बोर्ड उघडला तेव्हा कळलं की आमच्या इमारतीत बटणांच्या पेटीत न्यूट्रलची तारच नाही. जुन्या इमारतींत बहुतेक असंच असतं. बोर्डामागे बसवायच्या बऱ्याच स्मार्ट चकत्यांना ती लागते. म्हणजे अर्धे पर्याय तिथेच गळाले. गिझर २००० वॉटचा, म्हणजे जवळपास नऊ अँपिअर ओढणारा. सहा अँपिअरचा स्वस्त स्मार्ट प्लग त्याला लावला असता तर जळाला असता.

२०१३ मध्ये सुरू झालेली होम असिस्टंट ही खुली, फुकट प्रणालीही मी पाहिली. घरातल्याच छोट्या संगणकावर ती चालते, हजारो उपकरणांशी बोलते आणि बाहेर काही पाठवायची तिला गरज नसते. जझरीच्या पुस्तकासारखी, सगळी कृती उघडी. मन तिकडेच ओढलं. पण ती सांभाळणार कोण? मला वेळ नाही, अम्मीला जमणार नाही, आणि ज्याला जमेल तो दुबईत. कृती उघडी असणं पुरेसं नाही, ती उघडून बघणारा माणूसही घरात हवा. नहर बुजते ती राखणदाराअभावीच. ज्यांच्या घरात असा हौशी मुलगा किंवा मुलगी आहे, त्यांनी ती जरूर घ्यावी. २०२२ मध्ये आलेल्या मॅटर या सामाईक मानकाचाही विचार करावा. त्यामुळे वेगवेगळ्या कंपन्यांची उपकरणं घरातल्या घरात एकमेकांशी बोलू शकतात.

आमचं घर शेवटी असं झालं. अम्मीच्या पलंगापासून न्हाणीघरापर्यंत जमिनीलगत तीन मंद दिवे. ती पाय खाली ठेवते तेव्हा लागतात, दोन मिनिटांनी विझतात. त्यांचे सेन्सर सेलवर चालतात, झिग्बीचा डबा घरातच आहे, इंटरनेट गेलं तरी काम थांबत नाही. भिंतीवरची बटणं होती तशीच. गिझरला सोळा अँपिअरचा साधा टायमर, ज्याचा ॲपशी संबंध नाही. अम्मीच्या उशाशी घंटेचं बटण. ते दाबलं की माझ्या खोलीत आणि शेजारच्या खालाजानच्या घरात वाजतं. खालाजान दिवसभर घरी असतात. मी शाळेत असताना त्यांच्याइतकी खात्रीची प्रणाली कोणत्याच दुकानात नव्हती.

उंबरठा

राहिला कॅमेरा. सूरह नूरमध्ये दुसऱ्याच्या घरात परवानगी घेतल्याशिवाय, सलाम केल्याशिवाय जाऊ नका, अशी ताकीद आहे. त्याच सूरहमध्ये घरातल्या घरातही तीन वेळा परवानगी मागायला सांगितलं आहे: फज्रच्या आधी, दुपारी कपडे सैल करून पडण्याच्या वेळी आणि इशानंतर. नोकरांनी आणि लहान मुलांनीसुद्धा. आणि सूरह हुजुरातमध्ये एकमेकांवर पाळत ठेवायला साफ मनाई आहे.

हजरत उमरांची एक रिवायत सांगितली जाते. रात्री गस्त घालताना एका घरातून आवाज आला म्हणून ते भिंत चढून आत गेले. आत एक माणूस दारू पीत होता. तो म्हणाला, मी एक गुनाह केला असेल, तुम्ही तीन केले. पाळत ठेवलीत, दाराऐवजी भिंतीवरून आलात आणि परवानगी मागितली नाहीत. उमर त्याला सोडून निघून गेले. खलीफाच्याही सत्तेला उंबरठा होता. आपल्या सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी एकमताने खासगीपण हा मूलभूत हक्क मानला, तेव्हा मला ही रिवायत आठवली होती.

मी हे भाईजानला वाचून दाखवलं. तो चिडला. "मी चोर आहे का? मुलगा आहे तिचा. ती पडली तेव्हा मी तीन तास टॅक्सी चालवत होतो आणि मला माहीतच नव्हतं." यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. वर्षातले अकरा महिने आईपासून लांब राहणाऱ्या माणसाला खासगीपणाचा धडा देणं सोपं नसतं. त्याचा डोळा पाळतीचा नव्हता, काळजीचा होता. पण काळजीलाही दार वाजवूनच यावं लागतं.

तोडगा अम्मीने काढला. कॅमेरा फक्त मुख्य दाराबाहेर. त्याचं चित्रण घरातल्या कार्डावर साठेल, बाहेर जाणार नाही, आणि कोण आलं ते अम्मी आतल्या पडद्यावर बघेल. भाईजानसाठी तिने रोज फज्रनंतर फोनवर आवाजी निरोप पाठवायचं कबूल केलं. दुबईचं घड्याळ आपल्या दीड तास मागे. तो फज्रला उठतो तेव्हा अम्मीचा सलाम आधीच आलेला असतो. एखाद्या दिवशी आला नाही, तर तो मला फोन करतो. दोनदा तसं झालं. दोन्ही वेळा ती तसबीह फिरवता फिरवता पुन्हा झोपली होती.

दिवे लागून आता सहा महिने झाले. सेल एकदा बदलले, तेही अम्मीनेच, खालाजानला सोबत घेऊन. पहाटे ती उठते, पावलांशी उजेड येतो, ती न्हाणीघरापर्यंत जाते. आणि तिथे पोचल्यावर भिंतीवरचं जुनं बटणही हाताने दाबतेच. मी एकदा म्हटलं, "अम्मी, उजेड आहे की." ती म्हणाली, "असू दे. माझ्या घरातला दिवा मी लावते."